परजीवी माइटच्या मायटोकॉन्ड्रियात जनुके खरेच हरवतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही एका परजीवी माइटचा (कोळी-गोचिडींच्या वर्गातला सूक्ष्म जीव) मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकाचा, जीनोम जुळवला. लांबी १४ हजार बेसजोड्यांच्या (डीएनएच्या अक्षरांच्या जोड्या) आसपास आली. प्रथिने बनवणारी तेराही जनुके मिळाली, पण २२ टीआरएनए जनुकांपैकी (प्रथिन बनताना अमिनो आम्ले आणून देणाऱ्या रेणूंची जनुके) बरीचशी सॉफ्टवेअरला दिसली नाहीत. जनुकांचा क्रमही पाठ्यपुस्तकातल्या कीटकांशी जुळत नाही. मार्गदर्शकांचे मत असे, की परजीवी जगण्यामुळे जीनोम आक्रसला आणि नको असलेली जनुके गळाली. हे बरोबर आहे का, आणि या एका जीनोमवरून त्या माइटची उत्क्रांती सांगता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

गळतीबद्दलचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे आहे. उत्क्रांतीबद्दलचे उत्तर तुम्ही किती मागचा काळ विचारता यावर ठरते. गेल्या काही शतकांतली किंवा काही हजार वर्षांतली हालचाल हा जीनोम फार चांगली सांगतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी कोण कोणापासून फुटले हे विचारले, तर तो आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देऊ शकतो. माइटवर काम करताना मला ही दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटत आली आहे, कारण चुकीचा वृक्षसुद्धा आकडेवारीत भक्कम दिसतो.

आधी टीआरएनए. आपण शिकतो ते टीआरएनएचे चित्र त्रिदलाचे असते: मधे अँटिकोडॉनचा, म्हणजे संकेत ओळखणाऱ्या तीन अक्षरांचा हात, एका बाजूला डी-हात, दुसऱ्या बाजूला टी-हात, लांबी सत्तर-पंच्याहत्तर बेस. शोधणारी बहुतेक सॉफ्टवेअर याच आकारावर शिकवलेली असतात. माइटमध्ये, त्यातही खरजेचे माइट, धुळीतले माइट, लाल कोळी हे सारे ज्यात येतात त्या अ‍ॅकॅरिफॉर्मिस गटात, हा आकार मोडलेला असतो. कुठे टी-हात नाही, कुठे डी-हात नाही, कुठे दोन्हींच्या जागी नुसते लहान वळसे. लांबी पन्नाशीपर्यंत, कधी त्याखालीही येते. शिवाय जनुकांची टोके एकमेकांवर चढलेली असतात. अशा वेळी सॉफ्टवेअर ‘सापडले नाही’ म्हणते आणि आपण ‘नाही’ असे लिहून मोकळे होतो.

या क्षेत्रात हे आधी घडून गेले आहे. २००८ मध्ये स्टेगानाकॅरस मॅग्नस या जमिनीत राहणाऱ्या ओरिबॅटिड माइटमध्ये १६ टीआरएनए जनुके हरवल्याचे प्रसिद्ध झाले. तो माइट परजीवी नाही, हेही लक्षात ठेवा. पुढच्याच वर्षी पावेल क्लिमोव्ह आणि बॅरी ओकॉनर यांनी डर्मॅटोफॅगॉइडीस फॅरिनी या धुळीतल्या माइटचा जीनोम मांडला. आकाराची अट सैल केली आणि जवळच्या प्रजातींशी जुळवून पाहिले, तेव्हा त्यांना सगळीच्या सगळी २२ टीआरएनए जनुके मिळाली. असे अतिशय आखूड टीआरएनए या गटात सर्रास असतात, हे त्या कामातून स्पष्ट झाले. त्यानंतर ‘हरवले’ असे म्हणणाऱ्या जुन्या दाव्यांकडे सगळेच जपून पाहू लागले.

प्रथिनांच्या जनुकांबाबतही असे झाले आहे. मेटासियुलस ऑक्सिडेंटॅलिस हा शिकारी माइट. पिकांवरच्या लाल कोळ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी तो सोडतात. २००७ मध्ये त्याचा मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम २४,९६१ बेसजोड्यांचा असल्याचे आणि त्यात एनएडी३ व एनएडी६ ही दोन जनुके नसल्याचे जाहीर झाले. २०१० मध्ये बेल्जियममधल्या गटाने त्याच कुळातल्या फायटोसियुलस पर्सिमिलिसचा जीनोम वाचला. तो १६,१९९ बेसजोड्यांचा निघाला आणि त्यात सगळी जनुके जागेवर होती. मग त्यांनी जुनी माहिती पुन्हा तपासली आणि हरवलेली म्हटलेली दोन्ही जनुके तिथेही दाखवून दिली. ही दोन जनुके लहान आहेत आणि फार झपाट्याने बदलतात. नेहमीच्या जुळणीत ती निसटतात.

तेव्हा तुमच्या जीनोममध्ये प्रत्येक दोन मोठ्या जनुकांमधली मोकळी जागा हाताने तपासा. पाच जोड्यांचा अँटिकोडॉनचा देठ आणि त्यावरचा सात बेसचा वळसा ही खूण शोधा. त्याच वंशातल्या किंवा कुळातल्या माइटचे अनुक्रम शेजारी ठेवा. अँटिकोडॉनच्या आजूबाजूचे बेस टिकून राहिले असतील तर ते जनुक जिवंत आहे असे मानायला आधार मिळतो. आरएनए वाचण्याची सोय असेल तर त्याहून चांगला पुरावा नाही.

आता मार्गदर्शकांचा मुद्दा. परजीवी जगण्याने जीनोम आक्रसतो ही कल्पना जिवाणूंच्या आणि इतर परजीवींच्या अभ्यासातून आली आहे आणि तिथे तिला अर्थ आहे. पण माइटच्या मायटोकॉन्ड्रियाला ती लावायची तर परजीवी आणि मुक्त जगणारे समोरासमोर ठेवून पाहावे लागते. ठेवल्यावर चित्र उलटेपालटे दिसते.

गोचीड घ्या. रक्ताशिवाय तिचे जगणेच नाही. पण इक्सोडीस वंशातल्या गोचिडीत जनुकांचा क्रम लिम्युलस या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या समुद्री खेकड्यासारखाच आहे, आणि हा क्रम संधिपादांचा (कीटक, कोळी, खेकडे यांचा मोठा गट) मूळ क्रम मानला जातो. कोट्यवधी वर्षे रक्त पिऊनही क्रम हललेला नाही. व्हरोआ डिस्ट्रक्टर हा मधमाशीवरचा माइट. त्याचा जीनोम २००२ मध्ये मारिया नवाहास आणि सहकाऱ्यांनी वाचला. लांबी १६,९७७ बेसजोड्या. आक्रसण्याचे चिन्ह नाही. याउलट वर सांगितलेला फायटोसियुलस स्वतंत्रपणे फिरणारा शिकारी आहे, आणि त्याच्यातल्या एकूण ३७ (१३ प्रथिनांची, २२ टीआरएनएची, दोन रायबोसोमल आरएनएची) पैकी ३५ जनुकांची जागा मूळ क्रमाच्या तुलनेत बदललेली आहे. क्रमाची सर्वांत मोठी उलथापालथ शिकाऱ्यात, आणि परजीवी गोचीड जागच्या जागी.

लांबीचेही तसेच. सशाच्या कानातली खरूज करणाऱ्या सोरोप्टीस क्युनिक्युलायचा जीनोम १४,२४७ बेसजोड्यांचा आहे. आपल्या गाद्या-उशांत राहून त्वचेचा कोंडा खाणाऱ्या डर्मॅटोफॅगॉइडीस टेरोनिसिनसचा १४,२०३. एक कायमचा परजीवी, दुसरा मुक्त, आणि फरक पन्नासेक बेसचा. इथे एखादा जाणकार हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. २०१३ मध्ये क्लिमोव्ह आणि ओकॉनर यांनीच पेशीच्या केंद्रकातल्या जनुकांवरून असे मांडले, की धुळीतल्या माइटचे पूर्वज पक्षी-सस्तन प्राण्यांवरचे कायमचे परजीवी होते आणि ते पुन्हा मुक्त जगण्याकडे वळले. गमावलेली गुंतागुंतीची गोष्ट उत्क्रांतीत परत मिळत नाही, या डोलोच्या नियमाला त्यामुळे धक्का बसला. मग धुळीतल्या माइटचा लहान जीनोम हा परजीवी पूर्वजांचा वारसा असेल का? तसे म्हणता आले असते. पण पिठात, धान्यात राहणारे त्यांचे दूरचे भाऊबंद त्या परजीवी शाखेतले नाहीत, आणि त्यांचाही जीनोम सर्वसाधारण १४ हजारांच्याच घरात आहे. म्हणजे लहान जीनोम हा त्या संपूर्ण मोठ्या गटाचा जुना स्वभाव आहे. परजीवी शाखेला तो वारशाने मिळाला.

सर्वांत बोलके उदाहरण मला लेप्टोट्रॉम्बिडियम या वंशाचे वाटते. यांची फक्त अळी परजीवी असते; उंदरा-घुशींवर, कधी माणसावर ती चिकटते आणि स्क्रब टायफसचे जंतू देते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या आजाराची साथ आली होती, ती बऱ्याच वाचकांना आठवत असेल. भारतात या रोगाचा मुख्य वाहक लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स मानतात. रेन्फू शाओ आणि सहकाऱ्यांनी या वंशातल्या चार प्रजाती तपासल्या. लेप्टोट्रॉम्बिडियम पॅलिडममध्ये मोठ्या रायबोसोमल आरएनएचे एक जादा जनुक, लहान रायबोसोमल आरएनएचा एक निकामी तुकडा आणि तीन जादा मोकळे, म्हणजे जनुक नसलेले, पट्टे निघाले. डेलिएन्स, अकामुशी आणि फ्लेचेरी या बहिणींमध्ये जादा जनुकही नाही, निकामी तुकडाही नाही. जादा मोकळा पट्टा फक्त एक. चौघींची राहणी सारखी, अळीपण सारखे, तरीही जनुकसंख्या वेगळी.

जनुकांची जागा कशी बदलते याचे उत्तरही पॅलिडममध्ये दिसते. जीनोमचा एखादा भाग प्रत काढताना दुप्पट होतो. मग दोन प्रतींपैकी कधी ही, कधी ती निकामी होत जाते. शेवटी प्रत्येकी एकच उरते, पण नव्या जागी. पॅलिडममध्ये ही प्रक्रिया अर्ध्यावर असताना आपण तिला पकडले आहे. परजीवी असण्याची इथे गरजच पडत नाही.

यामागचे कारणही विचार करण्यासारखे आहे. मायटोकॉन्ड्रियात प्राण्यांची जी तेरा प्रथिनांची जनुके उरली आहेत, ती सगळी श्वसनाच्या साखळीतली आहेत. आतड्यात ऑक्सिजनाशिवाय राहणाऱ्या एखाद्या परजीवीला ही साखळी कमी करून चालेल. त्वचेवर, पिसांत, मधमाशीच्या अंगावर राहणारा माइट मात्र हवेतच श्वास घेतो. यजमानाकडून त्याला अन्न मिळते, निवारा मिळतो. ऑक्सिजन जाळून ऊर्जा काढण्याचे काम त्याचे त्यालाच करावे लागते. त्यामुळे ही जनुके टाकून देण्याची मुभा त्याला नाही.

मग परजीवी जगण्याचा ठसा कुठे उमटतो? केंद्रकातल्या जीनोममध्ये. डेमोडेक्स फॉलिक्युलोरम हा माणसाच्या चेहऱ्यावरच्या केसांच्या मुळाशी राहणारा माइट. तो जवळपास प्रत्येक प्रौढ माणसावर असतो. २०१४ मध्ये मायकल पालोपोली आणि सहकाऱ्यांनी त्याचा आणि त्याच्या भावंडाचा, डेमोडेक्स ब्रेव्हिसचा, मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम मांडला. टीआरएनए कमालीचे आखूड, क्रम नवा, पण जनुकसंच पूर्ण. २०२२ मध्ये अलेजांद्रा पेरोट्टी यांच्या गटाने त्याच माइटचा केंद्रकातला जीनोम मांडला, तेव्हा खरी पडझड दिसली. संधिपादांत आणि त्यांच्या जवळच्या नातलगांत प्रथिनांचा इतका लहान संच आधी पाहिलेला नव्हता. डीएनए दुरुस्तीची काही जनुके गेलेली, दिवस-रात्रीचे भान देणारी गेलेली, पायांना एकेका पेशीचे मोजके स्नायू. हा माइट आता निव्वळ परजीवी राहिला नसून सहजीवी होण्याच्या वाटेवर आहे, असे त्यांनी मांडले. एकाच प्राण्यात केंद्रकाची इतकी झीज आणि मायटोकॉन्ड्रियात ३७ च्या ३७ जनुके. तुमच्या मार्गदर्शकांशी बोलताना हे उदाहरण जरूर सांगा.

आता मायटोकॉन्ड्रियाची जनुके जिथे खरोखर उपयोगी पडली ती उदाहरणे. व्हरोआवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माइटच्या अभ्यासात मायटोकॉन्ड्रियाने याहून मोठे काम क्वचितच केले असेल.

१९०४ मध्ये औडेमन्स यांनी जावा बेटावरच्या एपिस सेराना मधमाशीवरून व्हरोआ जेकबसोनी या माइटचे वर्णन केले. ही एपिस सेराना म्हणजे आपली सातेरी. पुढे युरोपी मधमाशी, एपिस मेलिफेरा, आशियात आणली गेली, तिच्या वसाहती माइटने पोखरल्या, आणि बघता बघता तो माइट जगभर पसरला. सगळे त्याला जेकबसोनीच म्हणत राहिले. २००० मध्ये डेनिस अँडरसन आणि जॉन ट्रूमन यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या सीओ-१ जनुकाचा तुकडा आशियाभरच्या नमुन्यांतून वाचला आणि दाखवले, की हे एकाच प्रजातीचे काम नाही. जेकबसोनी मुख्यतः मलेशिया-इंडोनेशियाच्या पट्ट्यातला. जगभर मेलिफेरा मारत सुटलेला माइट आशियाच्या मुख्य भूमीवरचा, आकाराने मोठा, वेगळाच. त्याला त्यांनी व्हरोआ डिस्ट्रक्टर हे नाव दिले. एकूण १८ मायटोकॉन्ड्रियल प्रकार त्यांना दिसले, आणि त्यातले फक्त दोन, कोरिया आणि जपान-थायलंड, मेलिफेरावर स्थिरावले होते. कोरिया प्रकार सर्वांत दूर पसरलेला. म्हणजे आशियात सेरानावर माइटचे इतके प्रकार असूनही नव्या यजमानावर उडी जमली ती मोजक्यांनाच. २००० च्या आधीचे जे शोधनिबंध ‘जेकबसोनी’वर आहेत, त्यातले मेलिफेरावर केलेले काम प्रत्यक्षात डिस्ट्रक्टरवरचे आहे, हे संदर्भ वाचताना विसरू नका.

एका जनुकाच्या तुकड्यावर इतका भरवसा का ठेवायचा? मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात, त्यामुळे नरांचा इतिहास त्यात उतरत नाही. इतर प्राण्यांत ही मोठी उणीव आहे. व्हरोआत ती कमी जाणवते, याचे कारण त्याच्या प्रजननात आहे. माशीच्या अळीचे घर मेणाने बंद होण्याआधी माइटची मादी आत शिरते. तिच्या पहिल्या अंड्यातून एकपट गुणसूत्रांचा नर होतो, पुढच्या अंड्यांतून माद्या, आणि बंद घरात भाऊ-बहिणींचेच मीलन होते. पिढ्यान्‌पिढ्या असे चालले की केंद्रकही जवळजवळ एकसारखे होत जाते. २००५ मध्ये मिशेल सोलिन्याक आणि सहकाऱ्यांनी केंद्रकातल्या खुणा तपासल्या, तेव्हा कोरिया आणि जपान प्रकार हे काही प्रमाणात अलग पडलेले दोन क्लोन असल्याचे दिसले. मायटोकॉन्ड्रिया आणि केंद्रक यांची साक्ष इथे जुळते. दुसऱ्या माइटमध्ये ती जुळेलच असे गृहीत धरू नका.

गोष्ट तिथे संपली नाही. मेलिफेराला निरुपद्रवी मानलेला जेकबसोनी २००८ मध्ये पापुआ न्यू गिनीत मेलिफेरावर प्रजनन करताना आढळला. पुढच्या अभ्यासात अशी उडी एकदाच झालेली नसून अनेकदा झाल्याचे दिसले. जून २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल बंदराजवळ डिस्ट्रक्टर सापडला, तोवर तो खंड त्यापासून मुक्त होता. सातेरी पाळणाऱ्यांना या माइटचा धसका कमी असतो, कारण सेरानावर तो बहुतेक नर माश्यांच्या घरांतच वाढतो आणि कामकरी माश्या एकमेकींना साफ करतात, बाधित घरे हेरतात. मेलिफेराकडे हा जुना सराव नाही. दोन यजमानांच्या या फरकातच उडीचे गांभीर्य आहे.

उडी मारताना माइटमध्ये नेमके काय बदलले, हे मात्र मायटोकॉन्ड्रिया सांगत नाही. २०१९ मध्ये डिस्ट्रक्टर आणि जेकबसोनी यांचे पूर्ण जीनोम शेजारी ठेवले गेले. अनुक्रम ९९.७ टक्के सारखे, पण नैसर्गिक निवडीच्या दाबाखाली बदललेली जनुके दोघांत बहुतांशी वेगळी. हे कळायला केंद्रकच उघडावे लागले.

दुसरे उदाहरण कोकणातल्या प्रत्येक माडवाल्याच्या परिचयाचे आहे. नारळाच्या देठाजवळच्या पाकळीखाली पांढुरका त्रिकोणी चट्टा पडतो, तो तपकिरी होत जातो, साल तडकते आणि नारळ खुजा राहतो. हे काम एसेरिया ग्युरेरोनिस या इरिओफाइड माइटचे. डोळ्यांना न दिसणारा, किड्यासारखा लांबट आणि पायांच्या दोनच जोड्या असलेला. त्याचे वर्णन १९६५ मध्ये मेक्सिकोतल्या ग्युरेरो प्रांतातून झाले. भारतात केरळातून त्याची नोंद १९९८ मधली. २००५ मध्ये डेनिस नाविया आणि सहकाऱ्यांनी अमेरिका, आफ्रिका आणि हिंदी महासागराच्या परिसरातले नमुने मायटोकॉन्ड्रियातल्या १६एस जनुकावरून आणि केंद्रकातल्या एका पट्ट्यावरून तपासले. विविधता अमेरिका खंडात, विशेषतः ब्राझीलमध्ये भरपूर. आफ्रिका आणि आपल्या बाजूचे नमुने जवळपास एकसारखे. म्हणजे तो अमेरिकेतून आला, आणि फार थोड्या माइटपासून इथली सगळी पैदास झाली. माड मूळचा हिंदी-प्रशांत महासागराच्या काठचा. तेव्हा हा माइट अमेरिकेतल्या दुसऱ्या एखाद्या ताडवर्गीय झाडावरून माडावर आला असावा, असा तर्क संशोधकांनी केला. याचा व्यवहारात उपयोग असा, की त्याचे नैसर्गिक शत्रू कुठे शोधायचे ते कळते. ब्राझीलमधल्या भक्षक माइटवर नंतर बरेच काम झाले.

डेमोडेक्सचे मायटोकॉन्ड्रिया माणसांच्या स्थलांतराशी जोडता आले. २०१५ च्या अभ्यासात या माइटच्या चार वंशरेषा दिसल्या. कोणत्या माणसावर कोणती रेष, हे त्याचे पूर्वज जगाच्या कोणत्या भागातले यावर बरेच अवलंबून होते, आणि दुसऱ्या देशात स्थायिक होऊनही हा संबंध पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला दिसला. घरातल्या जवळच्या स्पर्शातूनच हा माइट पुढे जातो, म्हणून असे घडते.

खरजेचा सार्कोप्टीस स्कॅबिआय थोडक्यात सांगतो. कुत्र्याची खरूज आणि माणसाची खरूज एकच का, हा डॉक्टरांचा आणि पशुवैद्यांचा जुना प्रश्न. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातल्या अभ्यासांत कुत्र्यावरचे आणि माणसावरचे माइट जनुकीयदृष्ट्या वेगळे निघाले. म्हणजे तिथे माणसांची साथ आटोक्यात आणायला आधी माणसांवर उपचार हवेत. २०१६ मध्ये या माइटचा मायटोकॉन्ड्रियाचा जीनोम आला, साधारण १३.९ हजार बेसजोड्यांचा, आणि एकाच रुग्णावरच्या माइटमध्येही विविधता असू शकते हे त्यातून पुढे आले. म्हणून एका रुग्णाचा एकच माइट वाचून निष्कर्ष काढू नये.

वरच्या सगळ्या उदाहरणांत काळ अलीकडचा आहे आणि तुलना एकाच प्रजातीत किंवा सख्ख्या भावंडांत आहे. तुम्ही जेव्हा माइट, कोळी, विंचू आणि छद्मविंचू (विंचवासारखे दिसणारे पण नांगी नसलेले जीव) एका वृक्षात बसवू पाहता, तेव्हा परिस्थिती बदलते. माइटच्या मायटोकॉन्ड्रियात डीएनएच्या अक्षरांपैकी ए आणि टी यांचे प्रमाण ७५ ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. चारच अक्षरे, त्यातही दोनच जास्त वापरात. मग दूरच्या दोन जाती योगायोगाने सारख्या दिसू लागतात. काही माइटमध्ये डीएनएच्या दोन धाग्यांमधला अक्षरांचा कलच उलटला आहे, आणि असे उलटलेले जीव नाते नसताना एकत्र येतात. भरीला बदलाचा वेग प्रचंड. वेगाने बदलणाऱ्या फांद्या वृक्षात एकमेकींकडे ओढल्या जातात. अ‍ॅकॅरिफॉर्मिस माइट आणि छद्मविंचू मायटोकॉन्ड्रियाच्या वृक्षांत कितीतरी वेळा शेजारी बसले, त्यात या ओढीचा संशय धरावाच लागतो. माइट आणि गोचीड हे एकाच पूर्वजाचे वंशज की दोन वेगळ्या रेषा, हा वाद केंद्रकातल्या शेकडो जनुकांनीही पूर्ण मिटवलेला नाही. २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासाने एकाच पूर्वजाच्या बाजूने कौल दिला, पण सगळे तज्ज्ञ त्यावर एकमत नाहीत. जिथे शेकडो जनुके चाचपडतात, तिथे मायटोकॉन्ड्रियाच्या ३७ जनुकांवर मी भार टाकणार नाही. ती एकत्रच वारशाने येतात, म्हणून त्यांची संख्या ३७ असली तरी साक्ष एकच.

क्रमाचा बदल मात्र कधी कधी छान खूण ठरतो. गुरांवरची ऱ्हिपिसेफॅलस आणि सिंधुदुर्ग-गोव्यात माकडताप पसरवणारी हिमाफिसॅलिस या दोन्ही गोचिडी मेटास्ट्रायाटा गटातल्या. या गटात जनुकांचा एक ठरावीक पट्टा जागा बदलून बसलेला आहे आणि नियंत्रक पट्टा (जनुक नसलेला, प्रत काढण्याचे नियंत्रण करणारा भाग) दुहेरी आहे. इक्सोडीसमध्ये तसे नाही. इतका गुंतागुंतीचा बदल दोनदा स्वतंत्रपणे होणे अवघड, म्हणून तो गट एकाच मुळाचा असल्याला चांगला आधार मिळतो. पण लेप्टोट्रॉम्बिडियमसारख्या वंशात, जिथे बहिणी-बहिणींतही फरक आहे, तिथे हीच खूण वापरू नये.

तुमच्या प्रकल्पात आता एवढे करा. आधी जीनोमचे वर्तुळ खरेच पूर्ण झाले आहे का ते पाहा. नियंत्रक पट्ट्यात एकाच तुकड्याच्या लागोपाठ आवृत्त्या असतात आणि छोट्या रीडच्या (एका वेळी वाचलेल्या डीएनए-तुकड्यांच्या) जुळणीत त्या कोलमडून लांबी कमी दिसते. त्या भागावर लांब पीसीआर किंवा लांब रीड लागतील. अनुवादाला अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा संकेत, म्हणजे तक्ता क्रमांक ५, निवडला आहे याची खात्री करा. प्रथिनाच्या जनुकात मधेच थांबा-संकेत आला तर केंद्रकात जाऊन पडलेली निकामी प्रत वाचली गेली असल्याचा संशय घ्या. मात्र शेवटी नुसते टी किंवा टीए उरले असेल तर घाबरू नका; ते पुढे ए जोडून पूर्ण होते. अनेक माइट एकत्र कुटून डीएनए काढला असेल, तर एका माइटवर सीओ-१ पुन्हा वाचा. सीओ-१ साठीचे सर्वत्र वापरले जाणारे प्राइमर (जनुकाच्या प्रती काढायला लागणारे छोटे डीएनए-तुकडे) माइटमध्ये बऱ्याचदा चालत नाहीत. तुमच्याकडे आता पूर्ण जीनोम आहे, त्यावरून स्वतःचे प्राइमर बनवा. त्याच गोळा केलेल्या माइटपैकी काही काचपट्टीवर चढवून ठेवा, म्हणजे पुढे प्रजातीच्या नावावर शंका आली तर पाहता येईल.

प्रबंधातून ‘परजीवी जीवनामुळे टीआरएनए जनुके नष्ट झाली’ हे वाक्य तूर्त काढा. त्याऐवजी २२ ओळींचा तक्ता द्या: प्रत्येक टीआरएनए कुठे आहे, किती लांब आहे, कोणता हात गळाला आहे, आणि ते ओळखण्याचा आधार काय, सॉफ्टवेअर, जवळच्या प्रजातीशी जुळणी की आरएनए. ज्यांचा कुठलाच आधार मिळणार नाही त्यांच्यापुढे ‘आढळले नाही’ असे लिहा. वृक्ष काढायचा तर त्याच कुळापुरता काढा, आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या जिल्ह्यांतून, वेगवेगळ्या यजमानांवरून आणखी माइट गोळा करून त्यांचा सीओ-१ जोडा. हा माइट अलीकडच्या काळात कुठून कुठे गेला, या प्रश्नाचे उत्तर तुमच्या हातातल्या जीनोमला देता येईल.